फडाने पाठवलेला ऑलिम्पिकवीर

पुसेगाव म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला साताऱ्याचे पुसेगाव आठवते. खटाव तालुक्यातले, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे, बैलबाजाराचे आणि निकाली कुस्त्यांच्या मैदानाचे. आमचे पुसेगाव ते नव्हे. आमचे पुसेगाव मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात. आम्ही लहान होतो तेव्हा हिंगोली हा जिल्हाही नव्हता. १९९९पर्यंत हा सारा मुलूख परभणीत मोडत असे. नावाच्या या सारखेपणामुळे परगावी गेल्यावर आम्हाला नेहमी खुलासा करावा लागे. एक गोष्ट मात्र दोन्ही गावांत सारखी होती. कुस्तीचे वेड.

सुगी संपली, ज्वारीची कणसे खळ्यावर आली, की आसपासच्या गावांच्या जत्रांची चाहूल लागे. जत्रेच्या शेवटच्या दिवशी कुस्त्या ठरलेल्याच. कुणाच्या तरी मोकळ्या रानात नांगरट करून, ढेकळे फोडून, वर पाणी शिंपडून फड तयार होई. आमच्याकडची माती काळी. तांबड्या मातीची नुसती वर्णने आम्ही ऐकत होतो. दुपार कलली की हलगी कडाडू लागे आणि माणसे गोल धरून बसत. पुढच्या रांगेत आम्ही मुले, मागे धोतर-पटक्यातली वडीलधारी मंडळी आणि त्यांच्याही मागे बैलगाड्यांच्या साट्यांवर उभी राहिलेली तरणी पोरे.

सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी होई. आठ-दहा वर्षांची पोरे लंगोट लावून झुंजत आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडत. पुढे एक रुपयाची, पाच रुपयांची, अकरा रुपयांची कुस्ती अशी चढती भांजणी लागे. दिवस मावळतीला गेला की नेमलेल्या पैलवानांची मोठी जोड सुटे. खडाखडी, हातसरी, पट, ढाक, धोबीपछाड हे शब्द शाळेतल्या व्याकरणाआधी आमच्या तोंडी बसले. पाठ जमिनीला लागली की गोलात एकच कल्ला उठे, पागोटी हवेत उडत. आमच्या मराठवाड्याचे हरिश्चंद्र बिराजदार त्या काळी आमचे दैवत होते. गणपतराव आंदळकर, मारुती माने ही नावे मोठ्यांच्या बोलण्यात येत. दारासिंग आणि किंगकाँग मात्र सिनेमाच्या पडद्यावरून आमच्यापर्यंत पोहोचले होते.

त्या सगळ्यांत माझ्या मनात कायमची रुतून बसली ती कुस्ती जिंकल्यानंतरची फेरी. जिंकलेला पैलवान अंगावरची माती तशीच ठेवून फडाभोवती चालत जाई. कोणी त्याच्या हातावर चार आणे ठेवी, कोणी रुपया, कोणी नुसताच पाठीवर हात. इनाम गावकीने दिलेले असे, पण या फेरीतला पैसा ज्याने त्याने आपल्या खिशातला दिलेला. पैलवानाचा महिन्याचा खुराक, पुढच्या गावाचे भाडे, वस्तादाची दक्षिणा त्यातून निघत असे. पाहणारा आणि लढणारा यांच्यात काही देणे-घेणे असते, ही समज मला त्या फेरीने दिली.

पुढे खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र वाचताना ही फेरी मला पुनःपुन्हा आठवत राहिली. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा हा पैलवान हेलसिंकीला पोहोचला, तो अशाच एका मोठ्या फेरीच्या बळावर.

गोळेश्वरची माती

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे खेडे आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावंडांत खाशाबा धाकटे. घरात कुस्ती हा विषय शेतीइतकाच रोजचा होता. जोर-बैठकांची मोजणी, मातीत घाम जिरवणे, पहाटेचे दूध आणि संध्याकाळची लढत या वळणातच मूल वाढले. वडिलांनीच त्यांना मातीत उतरवले आणि पोर लहान वयातच जत्रांची मैदाने मारू लागले.

अंगकाठी लहानखुरी. कुस्तीत नाव काढणारा पैलवान म्हणजे पहाडासारखा देह, अशी आपल्याकडची जुनी कल्पना. खाशाबा त्या कल्पनेत बसणारे नव्हते. त्यांचे सामर्थ्य होते चपळाईत आणि डावांच्या अचूक निवडीत. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात कवेत घेऊन त्याला कमरेवरून फिरवीत खाली आणायचे, यासाठी ताकदीपेक्षा वेळेचे भान लागते. क्षणभर आधी किंवा क्षणभर नंतर हा डाव टाकला तर तो स्वतःवरच उलटतो. खाशाबांना ते भान उपजत होते, आणि तालमीत त्यावर वर्षानुवर्षे धार चढली होती.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. ते दिवस १९४२च्या चळवळीचे होते. सातारा जिल्ह्यात तर या लढ्याने प्रतिसरकारचे रूप घेतले होते. भूमिगतांना आसरा देणे, त्यांचे निरोप आणि पत्रके इकडून तिकडे पोहोचवणे या कामांत विद्यार्थिदशेतल्या खाशाबांचाही सहभाग होता. स्वातंत्र्य मिळाले त्या दिवशी त्यांनी ऑलिम्पिकमध्ये तिरंगा फडकवण्याचा निश्चय केला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले.

कोल्हापूर हे त्या काळी कुस्तीचे पंढरपूर होते. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, देशभरातले मल्ल करवीरात आणले आणि खासबागेचे मैदान उभारले. खोलगट रिंगण आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्या मैदानाची रचना. शेवटच्या माणसालाही पैलवानाचा पाय दिसावा, हा तिच्यामागचा विचार. प्रेक्षकाची एवढी कदर करणारे मैदान ज्या गावात आहे, तेथे खाशाबांची विद्यार्थिदशा गेली. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

मॅटची पहिली ओळख

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा बोटीत बसले. फ्लायवेट म्हणजे ५२ किलो हा त्यांचा गट. मातीत वाढलेल्या या मल्लापुढे तेथे पसरली होती गादी, म्हणजेच मॅट. दोहोंतला फरक पाय ठेवताक्षणी कळतो. माती पावलाला धरून ठेवते, गादी ते निसटू देते. मातीतल्या कुस्तीचा निकाल पाठ टेकल्यावर लागतो. त्यासाठी तासभर झुंजावे लागले तरी चालते. गादीवर घड्याळ असते, पंचांचे गुण असतात आणि पाठ न टेकताही माणूस हरतो.

अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी तेथे भारतीय पैलवानांना तयार केले. नवख्या जागेवर, नवख्या नियमांत खाशाबांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र ते थांबले. अखेर त्यांचा क्रमांक सहावा लागला. १९२० साली अँटवर्पला रणधीर शिंदे यांनी चौथा क्रमांक मिळवला होता. त्यानंतर आपल्या मल्लाची ही लक्षणीय कामगिरी होती.

इथे आमच्या भागाची एक आठवण नोंदवावीशी वाटते. १९४८च्या जुलै महिन्याच्या अखेरीस खाशाबा लंडनच्या गादीवर तिरंग्यासाठी लढत होते, तेव्हा आमच्या पुसेगावात तिरंगा लावण्याची मोकळीक नव्हती. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्याची सुटका १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाली. हैदराबादच्या अमलातल्या खेड्यांपर्यंत लंडनचा सहावा क्रमांक कुठून पोहोचणार? एका भाषेची आणि एकाच खेळाचे वेड असलेली माणसे तेव्हा दोन राज्यांत विभागलेली होती.

सात हजारांचे कर्ज

लंडनहून परतल्यावर खाशाबांनी मेहनत दुप्पट केली. वजन वाढले, गट बदलला. आता ते बँटमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात उतरणार होते. हेलसिंकीच्या ऑलिम्पिकची निवड मात्र सुरळीत झाली नाही. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत अवघ्या एका गुणाने त्यांना मागे ठेवण्यात आले. हा निर्णय त्यांना मान्य नव्हता. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावण्याची व्यवस्था केली आणि खाशाबांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला निर्विवाद हरवले. निवडीचा प्रश्न मातीतल्या रीतीने सुटला.

निवड झाली, पण जायचे कसे? त्या काळी खेळाडूच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च त्याला स्वतःच उभा करावा लागे. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार. आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घराचे कागद दुसऱ्याच्या हवाली करणारा प्राचार्य आज कुणाला सांगून खरा वाटणार नाही. गोळेश्वर आणि कऱ्हाड परिसरातल्या लोकांनी घरोघरी वर्गणी गोळा केली. ज्याला जे जमले ते त्याने दिले. खुद्द खाशाबाही दारोदार हिंडले.

फडाभोवतीची ती फेरी मला इथे दिसते. फरक एवढाच, की इथे पैसा कुस्ती जिंकण्याच्या आधी हातावर पडला. लोकांनी खाशाबांना जत्रांत पाहिले होते, त्यांची ढाक पाहिली होती. हा माणूस कुठेही गेला तरी पाठ लावून घेणार नाही, हे त्यांना कुठल्या क्रीडा संघटनेने सांगावे लागत नव्हते. हेलसिंकी कोणत्या देशात आहे हे ठाऊक नसलेल्या माणसांनी त्या प्रवासाचे भाडे भरले.

हेलसिंकीचे ते दोन तास

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना पराभूत केले. मग त्यांच्यापुढे उभा राहिला जपानचा शोहाची इशी. दीर्घकाळ रंगलेल्या या लढतीत पंचांचा कौल इशीच्या बाजूने गेला. इशीने पुढे त्या गटाचे सुवर्णपदक जिंकले आणि जपानला त्या ऑलिम्पिकमध्ये मिळालेले ते एकमेव सुवर्ण ठरले.

या लढतीनंतर जे घडले, त्याची खंत खाशाबांच्या चाहत्यांना आजही वाटते. दमलेल्या खाशाबांना लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. तो दाखवून देण्यासाठी आणि हक्काने अडून बसण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे नव्हता, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. खाशाबांना इंग्रजीत वाद घालून पंचांना थोपवता आले नाही. ते गादीवर उतरले आणि हरले. मम्मदबेयोव्हला रौप्य मिळाले, खाशाबांना कांस्य. ती तारीख २३ जुलै १९५२.

जत्रेतल्या अगदी साध्या कुस्तीतही पैलवानाच्या बाजूने त्याचा वस्ताद फडाच्या कडेला उभा असतो. पंचांनी घाई केली तर तो आत शिरतो, भांडतो, पैलवानाला पाणी पाजतो, त्याचा दम परत येईपर्यंत वेळ काढतो. हेलसिंकीत खाशाबांच्या कडेला तसा कोणी नव्हता. जिथपर्यंत गावाचा हात पोहोचत होता तिथपर्यंत गावाने त्यांना नेले. त्यापुढचे काम देशाच्या व्यवस्थेचे होते.

त्या स्पर्धेत भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि देशाच्या कौतुकाचा मोठा वाटा साहजिकच तिकडे गेला. कोल्हापूरच्याच केशव माणगावे यांनी ६२ किलो गटात चौथा क्रमांक मिळवला होता. पदक थोडक्यात हुकल्याने त्यांचे नाव तर आणखीच मागे पडले. एकाच ऑलिम्पिकमध्ये करवीरच्या तालमींतले दोन मल्ल पहिल्या चारांत यावेत, ही गोष्ट एखाद्या देशाने आपल्या क्रीडा धोरणाचा पाया मानली असती.

फेड

देशाने काय केले ते नंतर पाहू. कऱ्हाडने काय केले ते आधी सांगितले पाहिजे. खाशाबा रेल्वेने कऱ्हाडला उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला शंभराहून अधिक बैलगाड्या सजून उभ्या होत्या. ढोल-ताशे वाजत होते, फटाके उडत होते. स्टेशनापासून निघालेली मिरवणूक गावोगावच्या माणसांनी अडवून धरली. एरवी पंधरा-वीस मिनिटांत संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले असे सांगतात. ज्यांनी वर्गणी दिली होती, ती माणसे आपल्या पैशाचे सोने झालेले पाहायला आली होती.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी जे केले ते मला पदकापेक्षाही मोठे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या ठरवल्या. स्वतः मैदानात उतरले. तिकिटांतून आणि इनामांतून जी रक्कम हाती आली ती त्यांनी प्राचार्य खर्डेकरांना नेऊन दिली आणि त्यांचे गहाण पडलेले घर सोडवले. ऑलिम्पिकच्या पदकाला तेव्हा रोख बक्षिसाची जोड नव्हती. गादीवरच्या कुस्तीने मान दिला आणि त्या मानाचे कर्ज फेडायला पुन्हा मातीतली इनामाची कुस्तीच उपयोगी पडली.

आपल्याकडे इनामाच्या कुस्तीला कधी कधी हलके लेखले जाते. पैशासाठी खेळतात, ठरवून सोडवतात, असे आरोप होतात आणि काही ठिकाणी ते खरेही असतात. पण तिकीट काढून बसणारा, फेरीत रुपया देणारा जो प्रेक्षक आहे, त्याच्या बळावर हा खेळ राजाश्रय संपल्यानंतरही तगून राहिला. १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ साली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली, आणि तिचे पहिले अधिवेशन आमच्या मराठवाड्यातल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात भरले. दिनकर दह्यारी तेथे पहिले महाराष्ट्र केसरी झाले. ही सारी व्यवस्था उभी राहण्याच्या आधीच खाशाबांचा ऑलिम्पिकचा काळ संपला होता.

खाकी वर्दीतली वर्षे

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. तेथेही त्यांनी पोलिसांच्या स्पर्धा गाजवल्या आणि दलातल्या खेळाडूंना घडवण्याचे काम केले. सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी नोकरी केली. पदोन्नती मात्र संथ गतीने होत गेली. निवृत्तीला काही महिने उरले असताना ते सहायक पोलिस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना बराच काळ झगडावे लागले आणि शेवटची वर्षे ओढाताणीत गेली.

या काळात सरकारी सन्मानांची दारे त्यांच्यासाठी उघडली नाहीत. पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, अर्जुन पुरस्कार १९६१ साली. खाशाबा हयात असेपर्यंत यांपैकी कोणताही त्यांच्याकडे आला नाही. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या वेळी मशाल नेणाऱ्यांत त्यांना स्थान मिळाले, हा त्यांच्या उत्तर आयुष्यातला एक उजळ प्रसंग. गोळेश्वरच्या घराचे नाव होते ‘ऑलिम्पिक निवास’. गावाबाहेरच्या जगात हे नाव कशावरून पडले, हे विचारणारी माणसेही विरळ होत चालली होती.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात खाशाबांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. त्याच्या दोनच दिवस आधी लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक संपले होते. पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते आणि सारा देश त्या हळहळीत बुडाला होता. भारताला त्या खेपेस एकही पदक मिळाले नव्हते. वैयक्तिक पदक म्हणजे काय हे ज्याला स्वानुभवाने ठाऊक होते, असा या देशातला एकमेव माणूस त्याच आठवड्यात गेला.

मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. उषाची बातमी आमच्या पुसेगावातही पोहोचली होती. रेडिओभोवती त्याची चर्चा होई. खाशाबांची बातमी आल्याचे मात्र मला आठवत नाही. बिराजदारांच्या कुस्तीचा तपशील पाठ असलेल्या आमच्या फडातल्या जाणत्यांनाही खाशाबा जाधव हे नाव बहुधा माहीत नव्हते. त्यात त्यांचा दोष होता असे मी म्हणणार नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पण शाळेच्या पुस्तकातून, वर्तमानपत्रातून, भाषणांतून जे नाव परभणी-हिंगोलीच्या रानापर्यंत यायला हवे होते ते वाटेतच कुठे तरी अडले.

फड सुटल्यावर

मरणोत्तर सन्मान हळूहळू येऊ लागले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात जाहीर झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, म्हणजे पदकानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. त्याआधी १९९६ साली अटलांटाला लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या वैयक्तिक पदकाचा शोध घेताना वृत्तपत्रांना खाशाबा सापडले. २००८ साली बीजिंगला सुशीलकुमारने कुस्तीत पदक मिळवले, तेव्हा छप्पन वर्षांचा हिशेब पुन्हा निघाला. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्ती संकुलाला खाशाबांचे नाव देण्यात आले.

तरीही २०१७ साली त्यांच्या कुटुंबावर एक वेळ आली. गोळेश्वरला कुस्ती अकादमी उभी करण्याची घोषणा होऊन वर्षे लोटली होती आणि काम पुढे सरकत नव्हते. तेव्हा अकादमीसाठी पैसा उभा करायला हेलसिंकीचे पदकच लिलावात काढण्याचा विचार कुटुंबाने बोलून दाखवला. बातमी वाचताना खर्डेकरांचे गहाण घर आठवले. पदक मिळवायला एकदा घर गहाण पडले होते, आता तालीम बांधायला पदक विकायची पाळी येत होती. दोन्ही वेळा पदर झिजला तो घरच्यांचा.

अलीकडच्या वर्षांत चित्र थोडे पालटले आहे. १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये रवी दहियाने रौप्य आणि २०२४ साली पॅरिसला अमन सेहरावतने कांस्यपदक मिळवले, ती दोन्ही पदके ५७ किलो गटातली. खाशाबांचा गटही तोच होता. पॅरिसलाच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नेमबाजीत कांस्यपदकाचा मानकरी ठरला आणि महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला बहात्तर वर्षांनी वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले. त्या दिवसांत खाशाबांचे छायाचित्र पुन्हा पहिल्या पानांवर झळकले. आमच्या गावाकडच्या मुलांनीही ते मोबाइलवर पाहिले. जे नाव माझ्या लहानपणी पुसेगावापर्यंत आले नाही ते आता आले आहे, याचे मला समाधान आहे.

आमच्याकडच्या जत्रांतून कुस्त्या अजून होतात. इनामांचे आकडे वाढले आहेत, ध्वनिक्षेपकांचा गोंगाट वाढला आहे, रानाऐवजी कुठे कुठे गादी अंथरली जाते. रेवड्यांच्या कुस्त्या मात्र मला परवा परवा पाहायला मिळाल्या. सात-आठ वर्षांचे एक पोर जिंकले, पंचांनी त्याचा हात वर केला आणि ते रीतीप्रमाणे फडाभोवती फिरू लागले. पुष्कळांनी त्याचा फोटो काढला. एका म्हाताऱ्या माणसाने बंडीच्या खिशात हात घातला, चापून ठेवलेली दहाची नोट काढली, त्याच्या चिमुकल्या मुठीत कोंबली आणि त्याला त्याच्या बापाचे नाव विचारले. पोर पुढच्या माणसाकडे वळले, आणि मीही खिसा चाचपला.